सात हात बांध

रेवदंडा, ता. ११ फेब्रुवारी १९३३

चिरंजीव अनंता यास नीराआक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे ठीक आहे. तुझा खोकला कसा आहे ते आधी कळवणे.

“सगळे वाटा, पण बांध वाटू नका,” असे आबा एकदा म्हणाले होते. तुला आठवणार नाही. तू बारा वर्षांचा होतास, खळ्यावर पेंढ्यात लोळत होतास. बाळाजी आणि सदा भात मापत होते. आबांना कोणी काही विचारलेही नव्हते. मी माहेरी आले होते. मला वाटले, बांध फुटून खाडी शेतात शिरेल या भीतीने म्हातारा माणूस बोलतो आहे. आज सतरा वर्षांनी चूल पेटवताना ते वाक्य एकाएकी आठवले आणि शाळेत मुलींना पाढे घेतानाही डोक्यातून गेले नाही.

त्याचे कारण काल बाळाजी येऊन गेला. अलिबागेस कोर्टात तारीख होती, तिथून चालत इथवर आला. मासळीच्या दाव्याचा निकाल लागला. ओहोटीला उघाडीचे दार उचलले की शेतातले पाणी खाडीत उतरते आणि जाळ्यात बोयटे नि कोळंबी सापडते. एवढ्या दोन पाट्या मासळीवरून हे आपले दोन भाऊ वर्षभर कोर्टाच्या पायऱ्या चढले. तू केलेल्या वाटणीपत्राप्रमाणे बांधाच्या मध्यावर जो दगड पुरला होता, तो कलला आहे. कोणी कलवला हे दोघेही शपथेवर सांगतात. न्यायाधीश म्हणाले की दगडाजवळच्या सात हात जागेची मोजणी पावसाळ्यानंतर होईल. तोवर ते सात हात कोणाचेच नाहीत.

आता मुद्द्याचे. निकालपत्रात इंटरनेसाइन असा एक इंग्रजी शब्द आहे. वकिलाने त्याचा अर्थ भाऊबंदकी असा सांगितला. बाळाजीला ते पटत नाही. तो म्हणतो, नुसत्या भाऊबंदकीला एवढा लांब शब्द कशाला लागेल, त्यात काहीतरी शिवी हाय, ती कोणाला हाय ते अनंताकडून काढून घे. सदाला असली तर बरे होईल, असेही म्हणाला आणि स्वतःच हसला. जेवताना मात्र त्याने मला दोनदा विचारले, सदाचे पोर रांगायला लागले का म्हणून. दोघांच्या घरांमध्ये नुसती एका कुडाची भिंत आहे आणि हा मला रेवदंड्याला येऊन विचारतो.

शब्दाचा खरा अर्थ लिहून पाठव. माझे आशीर्वाद न मागता मिळतात, पत्र तेवढे मागावे लागते हे बरे नाही.

तुझी आक्का

---

मुंबई, ता. २० फेब्रुवारी १९३३

तीर्थरूप गं. भा. आक्काचे चरणी अनंताचा साष्टांग नमस्कार. वि. वि. खोकला गेला. तुझा काढा न घेताच गेला, रागावू नकोस.

दादाला सांग की ती शिवी नाही. आमच्या सॉलिसिटरसाहेबांच्या कपाटात एक कोश आहे, दोन हातांनी उचलावा लागतो. जेवणाच्या सुट्टीत तो काढून बसलो. शब्द मूळ लॅटिन, त्याच्या पोटात जीव घेण्याचा धातू आहे. फार पूर्वी त्याचा अर्थ होता, शेवटचा माणूस पडेपर्यंत चाललेली कत्तल. त्यात भावाभावांचा काही संबंध नव्हता. मग एका कोशकाराला शब्दाच्या सुरुवातीवरून वाटले की हे काहीतरी आपापसातले असणार, आणि त्याने अर्थ लिहिला, दोन्ही बाजूंचा नाश करणारे. लोकांना तोच पटला. आता साहेबलोक तो शब्द एका घरातल्या, एका पक्षातल्या, एका जातीतल्या झगड्यालाच लावतात. परक्याशी झालेल्या लढाईला सहसा लावत नाहीत. आणि तो एकटा कधी येत नाही, पुढे वैर, युद्ध, तंटा असे काहीतरी जोडावे लागते.

म्हणजे बघ, चुकीतून जन्मला आणि पुढे खरा ठरला. मला तर फार आवडला. आपल्याकडे यादवी आहे, पण तिला पुराणाची धूळ बसली आहे. भाऊबंदकी म्हटले की कूड आणि परसातले शेवग्याचे झाड डोळ्यांपुढे येते. या शब्दात झाडबीड काही नाही, नुसता परिणाम आहे.

दादाचे आणि सदादादाचे, दोघांचेही पत्र मला आले होते. मोजणी होईपर्यंत त्या सात हातांचे काय करावे, असे दोघांनी विचारले आहे. मी दोघांना एकच मजकूर पाठवला, मध्ये कार्बनचा कागद घालून, म्हणजे एक अक्षर इकडचे तिकडे व्हायला नको. मी कोणाच्याच बाजूचा नाही हे त्यांना कागदावर दिसले पाहिजे.

आबांचे वाक्य तू का लिहिलेस ते मला कळले. पण बांध सामाईक ठेवला असता तर हे दोघे रोज भांडले असते. रेघ स्पष्ट असली की माणसे शहाण्यासारखी वागतात, असा माझा इथल्या नोकरीतला अनुभव आहे. नारळी पौर्णिमेनंतर आगबोटी सुरू झाल्या की येईन. तोवर शाळेतल्या पोरींवरचा राग माझ्यावर काढू नकोस, एवढाच लोभ पुरे आहे.

तुझा अनंता

---

रेवदंडा, ता. २६ ऑगस्ट १९३३

चिरंजीव अनंता यास आशीर्वाद. वि. वि. हे पत्र चार दिवस लिहिते आहे. तुझ्या कानावर आले असेल, पण मी डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहिते.

पिठोरी अमावास्येला रविवार होता म्हणून मी शनिवारी आपल्या गावी माणखारला गेले. बाळाजीकडे उतरले, सदाकडे जेवले. रविवारी पहाटेच बांधावरून हाक आली. रात्रीच्या उधाणात बांध फुटून खांड पडली होती. ती नेमकी त्या सात हातांत पडली. चार हात रुंद, कमरेएवढी खोल. ओहोटी होती, उजेड होता. दुपारचे पाणी यायला पाच तास हातात होते. आपल्या गावाने याहून मोठ्या खांडी दोन तासांत बुजवलेल्या मला माहीत आहेत.

हाक आली की दर घरातून एक माणूस, एक पाटी. बोलावणे लागत नाही. चाळीस माणसे आली. पण पहिले ढेकूळ ज्याचा बांध त्याने टाकायचे, त्याशिवाय दुसऱ्याने हात लावायचा नाही, ही रीत तू विसरला नसशील. म्हणून माणसे पाट्या उपड्या घालून त्यांवर बसली. खांडीच्या या कडेला बाळाजी उभा, त्या कडेला सदा. दोघांच्या हातांत चिखलाचे ढेकूळ. दोघे एकच सांगत होते, त्याने टाकले तर मी उतरून उपसीन, त्याची वहिवाट होऊ देणार न्हाय.

रावजी पाटलाने तोड काढली की दोघांनी एकदम टाका, मी तीन म्हणतो. सदा म्हणाला, कोणाचे अंगठाभर आधी पडले ते कोर्टाला कोण सांगणार, तू की तुझी दाढी. माणसे हसली. मीही हसले, अनंता. मला वाटले, हसली आहेत म्हणजे आता सुटेल. चांगदेव म्हणाला, खाडी काय मोजणी करून आत येते व्हय. त्यालाही हसली.

मग सदाची बायको काशी पुढे आली. कडेवरचे पोर तिने माझ्याकडे दिले, सदाच्या हातातले ढेकूळ काढून घेतले आणि खांडीत टाकले. बाळाजी तिचा थोरला दीर, ती उभी होती तिथे तो उतरू शकत नव्हता. त्याने मागे वळून आपल्या बायकोला, राहीला सांगितले. तुला माहीत आहे, काशी लग्न होऊन आली तेव्हा तिची वेणी राही घालायची. राही उतरली, दोन्ही हात घालून ते ढेकूळ वर काढले आणि बांधाच्या बाहेरच्या अंगाला टाकले. वर येताना काशीने तिला हात दिला नाही. राहीने मागितलाही नाही.

त्यानंतर कोणीच काही केले नाही. आम्ही सगळे बघत बसलो. मी मास्तरीण, पोरींना दरडावणारी, मीही पोर घेऊन बसले. दुपारी पाणी आले तेव्हा मोठा आवाजसुद्धा झाला नाही. भात पोटरीत होता, लोंबी फुटायची होती. तिसऱ्या प्रहरापर्यंत आपल्या दोघा भावांची आणि आणखी अकरा घरांची शेते खारी झाली. खार धुवून जायला दोन-तीन पावसाळे लागतात.

संध्याकाळी बाळाजीने टोपीच्या घडीतून तुझे पत्र काढून दाखवले. सात हातांत स्वतः हात घालू नये व दुसऱ्यास घालू देऊ नये, दुरुस्तीसुद्धा होऊ देऊ नये, अन्यथा दुसऱ्याची वहिवाट सिद्ध होईल. शेत बुडाल्याचे त्याच्या मनात अजून उतरले नसावे. तो एवढेच म्हणत होता की मी थोरला आणि मला निळी नक्कल, धाकट्याला शाईचे अस्सल. मी कूड ओलांडून गेले. सदाने शाईचे दाखवले.

कायद्याने तू बरोबरच लिहिले असशील. तुला दोष देत नाही असे लिहायला घेतले होते, पण ते खोटे झाले असते. तू सांगितलेल्या शब्दाचा अर्थ मला आता कोशाशिवाय कळतो. पण तो बाहेरच्या भांडणाचा शब्द झाला. माझ्या आत दोघे उभे आहेत, एकाने टाकलेले दुसरा उपसतो. बाळाजीची कणव आली की सदा आठवतो, सदाची आली की राहीचे चिखलाचे हात आठवतात. याला साहेबांच्या कपाटात काही शब्द असेल तर मला कळवू नकोस.

खाण्यापिण्याची हयगय करू नये. राग उतरेल तसा लोभ वर येईल, तो गेलेला नाही.

आक्का

---

मुंबई, ता. ५ सप्टेंबर १९३३

तीर्थरूप आक्काचे चरणी साष्टांग नमस्कार.

तुझे पत्र ऑफिसात आले. मी ते तिथे वाचायला नको होते.

मी लिहिले ते बरोबरच होते. आमच्या साहेबांनाही विचारले, कोणाचे आहे ते न सांगता. ते म्हणाले, सल्ला अगदी योग्य आहे. मग त्यांनी विचारले की मधल्या काळात पाण्याची काही व्यवस्था होती ना. मी होय म्हणालो.

मी त्या गावात जन्मलो आणि पत्र लिहिताना मला उधाण आठवले नाही. दुरुस्तीसुद्धा, हा शब्द मी नंतर घातला. मजकूर पुरा वाटेना म्हणून. त्या दिवशी स्वतःवर खूश होऊन मी भजी खाल्ली होती, तेवढे आठवते.

येईन म्हटले होते, पण येत नाही. कोणाच्या दारात आधी जाऊ? ज्याच्याकडे आधी जाईन त्याची वहिवाट होईल. ही थट्टा नव्हे, आक्का. मी इथे अर्धा तास तोच विचार करत बसलो होतो.

दादाला शाईने नवे पत्र लिहू का? नको. तूच सांग काय लिहू. तू लिहीपर्यंत मी कोणाला काही लिहिणार नाही. लोभाचे मागण्याचे तोंड मला नाही.

अनंता

---

मुंबई, माझगाव, ता. १८ नोव्हेंबर १९३४

तीर्थरूप आक्काला सदाचा दंडवत. अक्षर कोंबडीच्या पायासारखं हाय, मास्तरीणबाईंनी लाल शाई काढू नये.

गोदीत काम लागलं. गाठोडी उचलायची. खोलीत आम्ही दोन बिऱ्हाडं हाव. काशी बरी हाय, पोरगा आता पळतो, जिन्यावरून दोनदा पडला. दिवाळीत तू पाठवलेले पोहे पोचले. पोह्यात लाल मुंगी निघाली ती पण रेवदंड्याचीच म्हणून मारली न्हाय.

तू विचारलंस, जिंकून पण गाव का सोडलं. आक्का, जिंकून काय खाऊ. मोजणी झाली, सात हात माझे निघाले, कागद माझ्या पेटीत हाय. पण गावानं तोवर आतून नवा बांध घातला आणि आम्हा दोघांची शेतं खाडीच्या अंगाला टाकून दिली. माझ्या बांधाच्या आत पण खाडी, बाहेर पण खाडी. रावजी पाटील म्हणाला, तुमचं तुम्ही बघा, आम्हाला पोरं हायत. मला राग न्हाय आला. मी असतो तर मी पण घातला असता.

अनंता इथंच दोन कोसावर राहतो. रविवारी येतो, पोराला चणे आणतो, गप बसतो आणि जातो. त्याला मी काही बोलत न्हाय. त्यानं कागद पाठवला, हात आमचेच होते.

आता एक लिहितो ते वाईट वाटून घेऊ नको. तू मागच्या पत्रात दादाचं चार वेळा लिहिलंस. दादा खोकतो, दादाला दिसत न्हाय. काशी पत्र वाचून घेते माझ्याकडून आणि त्याचं नाव आलं की उठून बाहेर जाते. तिचं ढेकूळ चाळीस माणसांसमोर बाहेर फेकलं. मी तिला सांगतो, तूच टाकायला नको होतं. मग ती दोन दिवस माझ्याशी पण बोलत न्हाय. तवा त्याचं नाव लिहू नको. माझे सात हात कोर्टानं दिलेत, ते उघडे राहतील, कोणाचा हात त्याला लागायचा न्हाय. खाडी आत येते तर येऊ दे, माझ्या जागेतून येते.

इथं बोयटं मिळतात पण त्याला चव न्हाय. माया पातळ करू नको.

तुझा सदा

---

रेवदंडा, ता. ६ मार्च १९३५

चिरंजीव सदा यास नीराआक्काचे अनेक आशीर्वाद. काशीस व बाळास आशीर्वाद. वि. वि. तुझ्या पत्राला मी साडेतीन महिने उत्तर दिले नाही. तू नाव लिहू नको म्हणालास आणि मला त्याच्याखेरीज लिहिण्यासारखे काही नव्हते. आज लिहिते. काशी बाहेर गेली तर जाऊ दे, तू पुढचे वाच.

मी गेल्या आठवड्यात माणखारला जाऊन आले. बाळाजी मार्गशीर्षापासून बांध घालतो आहे. एकटा. ओहोटी लागली की फावडे आणि पाटी घेऊन जातो, पाणी चढू लागले की परत येतो. राही चिखल पाटीत भरून देते, उचलायला तिला होत नाही. गावातले कोणी जात नाही. जाणाऱ्याला कोणी अडवत नाही, पण कोणी जात नाही. चांगदेवाने एकदा पेंढा आणून टाकला, म्हणे, माझ्या बैलांनी नको म्हटला, तुमच्या बांधाला खाऊ दे.

तीन महिन्यांत बाळाजीने आपली सगळी बाजू छातीएवढी वर आणली. मग तुझी बाजूही घातली, दगडापलीकडची, तिकडच्या टोकापर्यंत. हे मी तुला मुद्दाम सांगते, कारण तो सांगणार नाही. मी विचारले तर म्हणाला, त्या बाजूबद्दल कधी तंटा नव्हता, कोर्टाने तिच्यावर काही लिहिलेले न्हाय, तिथे माती टाकली तर कोणाचे काही जात न्हाय.

उरले ते सात हात. तिथे तो हात लावत नाही. मी रागावले. म्हटले, एवढा बांध उभा केलास आणि दार सताड उघडे ठेवलेस, मग हे कशासाठी. तो म्हणाला की ते सदाचे हायत, कागद त्याच्याकडे हाय, मी एक पाटी टाकली तर म्हणेल दादाने पुन्हा सुरू केले. त्याच्या बोलण्यात खोच आहे का ते मी नीट ऐकले. नव्हती, सदा. तो घाबरलेला आहे. तुला घाबरतो आहे. अठ्ठेचाळीस पावले चालून तो खांडीपाशी येतो, पाटी खाली ठेवतो, बघतो, आणि परत मागे जाऊन आधीच घातलेल्या जागी आणखी माती थापतो.

त्याच्या डाव्या डोळ्यात फूल पडले आहे. खोकला छातीत गेला आहे. अलिबागचे डॉक्टर म्हणाले की चिखलात उभे राहायचे नाही. राहीने ते त्याला सांगितले, तो म्हणाला, त्या डाक्तराला म्हणावे तू ये उभा राहायला.

शिमग्याची पौर्णिमा वीस तारखेला आहे. ते उधाण मोठे असते. खांड उघडी राहिली तर पाणी आतून येऊन नवी माती दोन्ही अंगांनी खाईल आणि तीन महिन्यांचे सगळे वाहून जाईल. खांड बुजली तर यंदाच्या पावसात शेत पहिल्यांदा धुतले जाईल. म्हणजे पुढच्या-पुढच्या वर्षी भात. तुझ्या शेतातही. तोवर बाळाजी असेल की नाही हे मी लिहीत नाही.

तू ये असे मी म्हणत नाही. काशीने राहीशी बोलावे असेही म्हणत नाही. ते ढेकूळ बाहेर पडले तेव्हा काशीचे पोर माझ्या कडेवर होते. तिचा अपमान किती होता ते मला कोणी सांगायला नको. राहीला त्या दिवसाबद्दल मी कधी क्षमा केली नाही, आणि आता तिचे हात पाहिले की मला तेही टिकवता येत नाही.

अनंता म्हणाला की मी मसुदा करून देतो, सदादादाची फक्त सही घ्या. मी नको म्हटले. त्याला लागले असावे. त्याच्याशी नेहमीसारखा वाग.

मी एवढेच मागते. तुझ्या कोंबडीच्या पायाच्या अक्षरात एक ओळ लिही, माझ्या सात हातांत दादाने माती टाकावी. खाली सही. वहिवाट तुझीच, कागद तुझ्याच पेटीत, मी त्याला साक्षीदार. तिकीट लावलेले पाकीट आत घातले आहे, त्यावर पत्ता बाळाजीचा आहे. तू लिहिणार नाहीस हे मला माहीत आहे. तुला लहानाचे मोठे मी केले आहे. तुमच्या तिघांवर माया आहे तशीच आहे, या मागण्याने ती कमी-जास्त होणार नाही. तरी लिही. बारा तारखेच्या आत टपालात टाक.

तुझी आक्का